गव्हाच्या करप्याचा माग



2016च्या फेब्रुवारीत बांगलादेशातल्या मेहेरपूर, कुष्टिया, चुआडांगा या भागांत गहू ओंबीवर आला होता. लांबून वाटावं, पीक लवकरच पिकायला लागलं. जवळ गेलं तर पानं हिरवी आणि ओंब्या पांढऱ्याफटक. ओंबीच्या दांड्यावर काळपट डाग. डागाच्या वर सगळं वाळलेलं, खाली हिरवं. ओंबी चोळली तर हातात फोलपटं आणि सुरकुतलेले दाणे. सुमारे 15 हजार हेक्टर गव्हाला अशी झळ बसली. काही शेतं तर पेटवून द्यावी लागली.

आपल्या कोकणात भातावर करपा पडतो, त्याच बुरशीचा हा भाऊबंद. पण गहू करपवणारा तिचा प्रकार 1985मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात सापडला होता आणि आशियात कधीच दिसला नव्हता. मग ही बुरशी शेजारच्या भातावरून गव्हावर आली, की समुद्रापलीकडून? भातावरून आली असेल, तर भाताचं प्रत्येक खाचर गव्हाला धोक्याचं. बाहेरून आली असेल, तर पहारा हवा बंदरावर आणि बियाण्यावर. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नव्हता.

बांगलादेशचे तोफज्जल इस्लाम आणि इंग्लंडमधले सोफियन कमून या शास्त्रज्ञांच्या गटांनी शेतातलीच रोगट पानं घेतली. बुरशी वेगळी काढून वाढवत बसण्याऐवजी पानातला आरएनए थेट वाचला.  तो जगभरच्या नमुन्यांशी ताडला, तेव्हा जवळचं नातं निघालं दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या बुरशीशी. भातावरची बुरशी या प्रकरणात निर्दोष ठरली. शोधनिबंध छापून येईपर्यंत न थांबता त्यांनी ही माहिती काही आठवड्यांतच सर्वांसाठी खुली केली. मला या कामातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं, कारण रोगाला पुढचा हंगाम गाठायला वेळ लागत नाही.

2017मध्ये या रोगामुळे सीमेलगतच्या, भारतातल्या मुर्शिदाबाद आणि नदिया जिल्ह्यांत गव्हाची पेरणीच थांबवावी लागली. त्याच वर्षी बांगलादेशाने 'बारी गम 33' हे प्रतिकारक वाण दिलं. पुढे आफ्रिकेत झांबियातही रोग उगवला. जनुकक्रम सांगतो की वंश तोच, पण तिथे तो स्वतंत्रपणे पोचला.

शेतकरी बंधूभगिनींनो, गव्हात पांढरी ओंबी दिसली तर आधी ओढून पाहा. सहज उपटून आली तर बहुधा खोडकिडा. आली नाही आणि दांड्यावर काळा डाग असला, तर नमुना गावोगाव फिरवू नका. कृषी सहायकाला शेतावरच बोलवा.