किराणा दुकान आणि कापडी पिशवी



किराणा दुकानातून निघणारा कचरा कमी कसा करावा, हा आजचा विषय वरवर किरकोळ दिसेल; परंतु सोलापुरात राहून तो टाळता येत नाही. 1877 साली जुनी मिल उभी राहिली, तेव्हापासून हे गाव सुतावर जगत आले. आपल्या चादरी व टॉवेल दूरदूर जातात, आणि आपण मात्र पाव किलो साखर झिरझिरीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी आणतो!

पूर्वीचे दुकान वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ज्वारीची, तुरीच्या डाळीची पोती तोंड उघडून ठेवलेली, शेजारी गुळाची ढेप. गिऱ्हाईक घरून पिशवी व बरणी आणी. रिकामे पोते, पत्र्याचा डबा, लाकडी खोके यांनाही पुन्हा गिऱ्हाईक असे. आज मसाला, चहा, शाम्पू एकदोन रुपयांच्या पुडीत मिळतात. अशा बऱ्याच पुड्यांत निरनिराळ्या प्लॅस्टिकचे, कधी ॲल्युमिनियमचेही थर एकमेकांस चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही. म्हणून भंगारवाला पुठ्ठा घेतो, डबा घेतो, पुडी घेत नाही. ती गटारात जाते. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईचे नाले तुंबले, त्यास अशाच पिशव्यांचा हातभार लागला होता.

जुने ते सर्व परत आणा, असे माझे म्हणणे नाही. भेसळीच्या भयाने सुटे खाद्यतेल विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली दिला, कारण शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरतात. पण डाळ, तांदूळ, ज्वारी सुटी विकण्यास कोणती आडकाठी आहे?

महाराष्ट्र शासनाने 2018 साली प्लॅस्टिकबंदी लागू केली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड ठरला. अंमलबजावणी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत किराणा दुकानदारांना माल बांधण्याच्या जाड पिशव्यांपुरती सवलत मिळाली. मात्र त्या पिशव्या परत गोळा करण्याची व्यवस्था हवी, ही अट त्याबरोबर होती. सवलत सर्वांच्या लक्षात राहिली. अट किती दुकानांत पाळली जाते, हे आपण आपल्या गल्लीत पाहावे.

बंदीनंतर कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी बाजारात आली. ती बहुधा कापडाची नसतेच. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे तंतू दाबून ती बनवितात. तिचा धागा जाळला की तो वितळून गोळा होतो. सूत जळून राख होते. ज्या गावात घरोघरी माग चालले, तेथील माणसाने तरी यात फसू नये.

दुसरा कचरा मालाचाच. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. त्यात दुकानांचा वाटा 12 टक्के, घरांचा 60 टक्के. म्हणजे एकट्या दुकानदारास दोष देऊन भागणार नाही. तरीही आपल्या कडक उन्हाळ्यात रवा-बेसनात किडे होतात, शेंगदाण्याला खवट वास येतो, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. नवा माल मागे व जुना पुढे लावावा. सणाच्या तोंडावर, रमजान असो वा दिवाळी, अंदाजाने भरमसाट भरू नये. मुदत जवळ आलेला माल वेगळा मांडून, तसे सांगून, स्वस्तात काढावा. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव व दर्जा उत्तम. ‘एक्स्पायरी’ वा ‘यूज बाय’ उलटलेला माल मात्र विकूही नये, खाऊही नये. फ्रान्सने 2016 साली मोठ्या दुकानांना उरलेले खाण्याजोगे अन्न नष्ट करण्यास बंदी घातली. आपल्याकडे हे काम दुकानदार व शेजारपाजारच्या वसतिगृहांना आपसांतही जमेल.

दुकानदार म्हणतात, पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारी जाते. ही अडचण खरी आहे, आणि ती एकट्याने सुटणारी नाही. गल्लीतील सर्वांनी एकाच तारखेपासून पिशवी बंद करावी. आरंभ महिन्याची यादी देणाऱ्या खातेदारांपासून करावा. प्रत्येक घराच्या दोन सुती पिशव्या, वर खाते क्रमांक घातलेला. एक घरी, एक दुकानात. सामान भरून एक जाईल, रिकामी दुसरी येईल. जुन्या चादरीतून अशा किती पिशव्या निघतात, हे आज घरी गेल्यावर आईला विचारा.