वाढीची रेषा

अमेरिकेतल्या ‘विक’ या सरकारी पोषण योजनेत कमी उत्पन्नाच्या हिस्पॅनिक घरांतली मुलं मोठ्या संख्येनं आहेत. वयाच्या दोन वर्षांनंतर मुलाची उंची-वजन घेऊन बीएमआय काढतात आणि तक्त्यावर मांडतात. ९५व्या शतमकावर किंवा त्याच्या वर बिंदू गेला, की लठ्ठपणा. पण एका बिंदूपेक्षा रेषा अधिक बोलते. या वयात बीएमआय खरं तर उतरत असतो. पाच-सहाव्या वर्षी पुन्हा चढतो. ही चढण लवकर लागली, तर पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो. गुटगुटीत नातवाच्या आजीला हे पटवणं तिकडेही अवघडच! २००९मध्ये योजनेनं फळांचा रस कमी करून फळं-भाज्या दिल्या. २०१० ते २०१६ दरम्यान योजनेतल्या दोन ते चार वर्षांच्या मुलांमधला लठ्ठपणा १५.९ टक्क्यांवरून १३.९ टक्क्यांवर आला. हिस्पॅनिक मुलांतही घटला, तरी सरासरीहून जास्तच राहिला.