तांबं कुठे गाळायचं?



तुमच्या चार्जरच्या वायरमधलं तांबं कदाचित इंडोनेशियातलं असेल, पापुआच्या ग्रासबर्ग खाणीतलं. खनिज आपण विकायचं आणि धातू दुसऱ्यांनी काढायचा, हे किती दिवस? इंडोनेशियाचा हा प्रश्न रास्तच. २००९च्या कायद्याने खनिजावर देशातच प्रक्रिया करण्याची सक्ती केली. २०२०मध्ये निकेल खनिजाची निर्यात थांबली आणि चिनी भांडवलावर कारखाने उभे राहिले. मग तांब्याची पाळी आली. जावातल्या ग्रेसिकला नवा स्मेल्टर बांधला. सप्टेंबर २०२४मध्ये उद्घाटन झालं, ऑक्टोबरमध्ये तिथे आग लागली. शेवटी २०२५मध्ये सरकारनेच निर्यातीला तात्पुरती परवानगी दिली.

मी एमबीए, आधी हिशोब बघतो. एक टन कॉन्सन्ट्रेटमध्ये तांबं साधारण अडीचशे किलो. ते गाळायची मजुरी २०२४मध्ये ८० डॉलर ठरली होती, २०२५मध्ये फक्त २१.२५. म्हणजे कमाई खाणीत, भट्टीत थोडी. वर गंधकाचा धूर सांभाळायचा.

ही काळजी आपल्याला नवी नाही. १९९३मध्ये रत्नागिरीकरांच्या विरोधामुळे असाच एक कारखाना थांबला आणि तुतिकोरिनला गेला. तिथे मे २०१८मध्ये आंदोलकांवर गोळीबार झाला, १३ माणसं गेली, कारखान्याला टाळं लागलं. त्यानंतर भारताची शुद्ध तांब्याची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली.

म्हणून निर्यातबंदीची बातमी ऐकलीत, की एवढं विचारा: भट्टी कोणाच्या गावात, आणि त्या गावाला विचारलंय का?

भेटू पुढच्या वेळी.