दांडा आधी पाहा
(अकोल्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्यातली गोष्ट. अंगणात खाटेचा पाय ठोकून बसवत होतो. चौथ्या घावाला हातोडीचं डोकं दांड्यातून निसटलं आणि ओट्यावरचा माठ फोडून पडलं. माठापासून दोन हातांवर माझी नात बसली होती. ती हातोडी ढिली झाली म्हणून आदल्या संध्याकाळी मीच बादलीत भिजत घातली होती. आपल्याकडे घरोघरी हाच उपाय करतात. तो घातक आहे, हे सांगायला मी आज उभा आहे.

लाकूड ओलावा पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ पडत नाही, जाडीत पडतो. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दांडा भोकात सैल होतो. त्याला पाण्यात घातलं तर तो फुगू पाहतो, पण भोवती लोखंड. जागा नसल्यामुळे लाकडाचे तंतू आतल्या आत चेपले जातात, आणि पुन्हा वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षाही बारीक होतो. म्हणून नवा दांडा बसवायचा तर याच दिवसांत बसवा, लाकूड पूर्ण आकसलेलं असताना. वरून वाळलेल्या लाकडाची पाचर ठोका. पावसाळ्यात घट्ट बसलेला दांडा उन्हाळ्यात दगा देतो.

लाकूड कोणतं? मेळघाटाच्या बाजूला कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा घालतात. तो चिवट असतो, घावाचा धक्का सोसतो. बाभूळही चांगली. सागवान दारं-खिडक्यांना द्या, दांड्याला नको. ते धक्क्याने तडकतं. दुकानात हातोडी हातात घेतली की दांडा उलटा करून त्याचं टोक पाहा. टोकावरच्या रेघा डोक्याच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या हव्यात. आडव्या असतील तर ती हातोडी परत ठेवा, लोखंड कितीही चकचकीत असो.

लोखंडाचं मी थोडक्यात सांगतो. रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारे गाडी लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून कुऱ्हाडी-विळे घडवतात. ते पोलाद उत्तम असतं. पटाशी मात्र नावाजलेल्या कारखान्याची घ्या. एकच घ्या, पण धार टिकणारी. सहाणेवर तिचा उतार साधारण २५ अंशांचा ठेवा आणि पाठ अगदी सपाट. पाठ सपाट नसेल तर धार कधीच पुरी लागत नाही.

आता तेल. दांड्याला जवसाचं तेल चोळा. जवस आपल्या वऱ्हाडातलंच, चटणीच्या निमित्ताने घरात असतंच. शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल चिकट राहून धूळ धरतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडात मुरून बसतं. पण हे होताना त्यातून उष्णता निघते. तेलाने भिजलेली चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकते. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, शेजारी लाकडाचा भुसा! काम झालं की चिंधी बाहेर मोकळी पसरून वाळवा. हे मी हात जोडून सांगतो.

पात्यांना शिलाई मशीनचं तेल पुरतं. अवजारं पोत्यात गुंडाळून ठेवू नका. पोतं ओल धरतं. आपण खंडेनवमीला अवजारं काढून पुसतो, हळदकुंकू वाहतो. तोवर पावसाळ्याने पात्यांना गंज चढवलेला असतो. पुसायचं ते मृगाच्या आधी, आणि मग पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी. हाताच्या घामातलं मीठही गंज आणतं, म्हणून काम संपताच कोरडा फडका फिरवा.

मी तीन हातोड्या बरोबर आणल्या आहेत. त्यातल्या एकीचा दांडा चुकीच्या रेघांचा आहे. पुढे या, टोकं पाहा आणि ती कोणती ते मला दाखवा.