लांब पल्ल्याची फटफटी



ह्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी तत्त्वज्ञान ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारणावरचे वादही ऐकता. तेथे एका कामगार कार्यकर्त्याने येऊन मोटारसायकलच्या चेनला तेल कसे द्यावे हे सांगावे, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. मी कामगार चळवळीवर बोलेन अशी चालकांची अपेक्षा होती. परंतु मी निवडलेला विषय माझ्या मते त्याच चळवळीचा एक भाग आहे, आणि तो कसा हे पुढे ओघाने येईल. माझे शिक्षण शाळेत थोडे, वाचनालयात अधिक आणि रस्त्यावर सर्वांत अधिक झाले. यंत्रमाग व विडी कामगारांच्या कामानिमित्त गेली तीस वर्षे मी अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, पंढरपूर असा मोटारसायकलवरून हिंडत आलो आहे. तेव्हा जे सांगणार आहे त्यातले पुष्कळसे हाताला काळे लागून शिकलेले आहे.

लांब पल्ल्याची मोटारसायकल म्हटली की डोळ्यांपुढे लडाखचे डोंगर येतात, चामडी जाकिटे येतात, मोठ्या इंजिनाच्या भारी किमतीच्या गाड्या येतात. हौसेने हिंडणाऱ्यांशी माझे काही भांडण नाही. देश पाहावा, अवश्य पाहावा. पण सोलापूरचा खरा लांब पल्ल्याचा स्वार निराळाच आहे. आपली जुनी गिरणी १९६३ साली बंद पडली, पुढे नव्वदीच्या दशकात लक्ष्मी-विष्णूचाही भोंगा थांबला. त्या गिरण्यांत ज्यांचे बाप-आजे राबले ती मुले आज भोसरीला, चाकणला, हिंजवडीला कामाला आहेत. शनिवारी पाळी सुटली की हा मुलगा शंभर किंवा सव्वाशे सीसीच्या गाडीवर पिशवी बांधतो, मागे मित्राला नाहीतर बायकोला घेतो, आणि अडीचशे किलोमीटर तोडून घरी येतो. रविवारी रात्री तसाच परत जातो. ह्याला कोणी पर्यटन म्हणत नाही. पण अंतर तेच, ऊन तेच आणि धोकाही तोच.

धोका किती, ते आकड्यांतच ऐका. २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. गिरणीच्या एखाद्या खात्यात असे घडते तर आपण फाटकापुढे बसलो असतो, चौकशी मागितली असती. रस्त्यावर फाटक नाही आणि मालकही नाही, म्हणून आपण त्याला नशीब म्हणतो. त्यातले नशीब किती आणि ढिली चेन किती, हे आज पाहू.

यंत्रमागावर काम केलेल्यांना सांगायला नको की माग बिघडण्याआधी बोलतो. धोट्याचा आवाज किंचित बदलला की जुना जॉबर चालता चालता थांबतो. मोटारसायकलीचेही तसेच आहे. वाटेत गाडी अचानक बंद पडली असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती आठ दिवस सांगत असते. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी, निघताना नव्हे, आदल्या दिवशी, अर्धा तास गाडीजवळ बसावे. आदल्या दिवशी अशासाठी, की दोष सापडला तर दुकान उघडे असते.

पहिला मान चाकांना. हवा गाडी थंड असताना मोजावी, कारण चालून आलेल्या टायरमधला दाब वाढलेला असतो व मापक खोटे सांगतो. किती हवा हवी हे चेनकव्हरवरच्या चिठ्ठीवर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेले असते. एकट्यासाठी एक आकडा आणि डबलसीटसाठी मागच्या चाकाचा दुसरा, मोठा आकडा. हा दुसरा आकडा फार थोडे लोक वाचतात. आणि आपल्या गावात एक समजूत घट्ट बसली आहे, ती म्हणजे उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी. हे अगदी उलटे आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याच्या बाजू वाकतात आणि सरळ होतात. लोखंडी तार हातात घेऊन तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवा. तार गरम होते आणि शेवटी तुटते. टायरचे हेच होते. त्यातून वरून मे महिन्याचा सूर्य, खालून तापलेले डांबर आणि मागे दोन माणसांचे ओझे. उन्हाने हवा वाढणार हा हिशेब बनवणाऱ्यांनी आधीच धरलेला आहे. आपण त्यात आपला हिशेब मिसळू नये. तापलेल्या टायरची हवा सोडणे तर मुळीच नको. काही ठिकाणी पैसे घेऊन नायट्रोजन भरतात. भरावा वाटल्यास, पण साध्या हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो, तो फुकट.

टायर जुना किती हेही पाहता येते. त्याच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षीच्या खाचांत मधे मधे लहान उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, मग तो वरून कितीही काळाभोर दिसो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला आणि हवा धरून असेल, तर खिळा उपसू नये. हळूहळू पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते. तेथे जादा ट्यूब आणि दोन टायर लिव्हर पिशवीत हवेतच. जाता जाता सांगतो, रात्री अकराला हमरस्त्यावर जो माणूस झोपेतून उठून आपले पंक्चर काढतो, त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याने कामगारांच्या हक्कावर बोलू नये.

चेन म्हणजे मोटारसायकलीचा पट्टाच. ती मधोमध बोटाने वरखाली करून पाहावी. साधारणपणे दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे, नेमके माप पुस्तकात असते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. ढिली चेन उतरते हे सर्वांना ठाऊक आहे. पण कडक चेन त्याहून वाईट. दोघे बसले, सामान चढले, की मागचे चाक वर दबते आणि चेन आणखी ताणली जाते. मग बेअरिंगे खाल्ली जातात. ताण दिल्यावर चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, हे पाहावे. नाहीतर चाक तिरके बसते व गाडी एका अंगाला ओढते. तेल सकाळी निघताना देण्यात अर्थ नाही, ते वाऱ्याने उडून पँटला लागते. प्रवासाहून आल्यावर चेन कोमट असताना आतल्या बाजूने द्यावे, म्हणजे रात्रभरात मुरते. गाडी मेनस्टँडवर, इंजिन बंद, आणि चाक हाताने फिरवायचे. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला फडके लावणाऱ्यांची बोटे मी तुटलेली पाहिली आहेत.

इंजिनचे तेल गाडी सरळ उभी करून पाहावे. पुष्कळ गाड्यांत कांडी नुसती टेकवायची असते, आटे आवळून पाहिली तर माप चुकते. मोटारचे स्वस्त तेल मोटारसायकलीत घालू नये, कारण आपला क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि त्या तेलातल्या गुळगुळीत करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ असे लिहिलेले पाहिले की झाले.

जुन्या बुलेटवाल्यांची एक युक्ती मला फार आवडते. क्लचची आणि ॲक्सिलेटरची नवी वायर घेऊन ती जुन्या वायरच्या शेजारूनच आधी घालून, बांधून ठेवायची. वाटेत जुनी तुटली की टाकी काढायला नको, दोन टोके जोडली की पाच मिनिटांत गाडी चालू. प्रत्येक गाडीत ह्याला जागा असेलच असे नाही. नसेल तर वायर पिशवीत ठेवावी. जोडीला दोन फ्यूज, एक प्लग, पाने आणि विजेरी. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर गेला आणि पंप आला. त्यांना रिझर्व्हची खुंटी नाही. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत चालवणे महागात पडते.

एर्नेस्तो गेव्हारा, ज्याला जग ‘चे’ म्हणून ओळखते, १९५२ साली आपल्या मित्रासह जुन्या नॉर्टन गाडीवर दक्षिण अमेरिका पाहायला निघाला. गाडीने चिलीतच दम सोडला आणि पुढचा सारा प्रवास मिळेल त्या वाहनाने झाला. आमची तरुण मंडळी त्याचे चित्र टाकीवर रंगवतात. चित्राबरोबर ब्रेकही पाहावेत, इतकेच माझे म्हणणे.

ब्रेकचे थोडक्यात सांगतो. थांबताना सारे वजन पुढे येते, म्हणून खरे काम पुढचा ब्रेक करतो. ‘पुढचा दाबला की माणूस उलटतो’ ह्या भीतीने तो कधीच न वापरणे म्हणजे अर्ध्याहून अधिक ब्रेक घरी ठेवून निघणे होय. दोन्ही एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावावेत. खडीवर आणि पहिल्या पावसाच्या निसरड्यावर मात्र पुढचा जपून.

आता सामान आणि मागे बसणारी व्यक्ती. चादरींचा गठ्ठा मागच्या कॅरिअरवर उंच बांधला की पुढचे चाक हलके होते आणि हँडल डुलू लागते. ओझे खाली, दोन्ही बाजूंना सारखे आणि होईल तितके पुढे असावे. आणि भगिनींनो, हे आपणांस मुद्दाम सांगतो: मागच्या चाकाला साडीगार्ड असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाला आच्छादन असलेच पाहिजे. तरुण मुले गाडी देखणी दिसावी म्हणून ते पहिल्याच महिन्यात काढून टाकतात. मग पदर किंवा ओढणी चाकात जाते, आणि पुढे काय होते ते सांगवत नाही. ज्या गाडीला साडीगार्ड नाही तिच्यावर बसणार नाही, असे घरातल्या बायकांनी एकदा सांगून टाकावे. ह्या बाबतीत संप यशस्वी होतो, ही माझी खात्री.

येथवर यंत्राचे झाले. पण स्वार हाही त्या यंत्राचाच एक भाग आहे, आणि तो सर्वांत लवकर बिघडतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली, ती १८९० साली मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती दिली. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरला आठ तासांचा दिवस दिला. ही विश्रांती कोणी भीक म्हणून दिलेली नाही. थकलेल्या माणसाच्या हातून अपघात होतो हे माणसे मरून सिद्ध झाले, तेव्हा मिळाली. आणि तोच कामगार आठ-दहा तास उभा राहून काम करतो, आणि रात्री दहाला स्वतःच्या गाडीवर बसून पाच तास न थांबता पुण्याहून सोलापूर गाठतो! मालकाने असे राबवले असते तर आपण खटला भरला असता. दर सव्वा ते दीड तासाने उतरलेच पाहिजे. सोलापूरहून निघाल्यास टेंभुर्णी, भिगवण, यवत असे तीन थांबे सहज पडतात. डोळा मिटू लागला तर चहाने ती वेळ टळत नाही. वीस मिनिटे आडवे व्हावे. शनिवारी रात्री निघण्याऐवजी झोपून रविवारी पहाटे चारला निघालात, तर आईला काही तास उशिरा भेटाल, पण भेटाल.

दिवसाचा वैरी ऊन. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. आपल्या कातडीची उष्णता साधारण पस्तीस अंश. हवा तिच्याहून तापलेली असली की सुटलेला वारा अंग थंड करत नाही, भट्टीसारखे भाजतो. आणि घाम लगेच सुकत असल्यामुळे पाणी जाते हे कळतही नाही. म्हणून बाह्या मोकळ्या सोडू नयेत. सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि गळ्याला भिजवलेला पंचा हवा. तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे, अधूनमधून मीठ-साखर घालून. खिशात कांदा ठेवणाऱ्यांना मी हसत नाही, तो भाकरीबरोबर उपयोगी पडतो. पण पाण्याची जागा तो घेत नाही. डोके ठणकू लागले, मळमळले, की सावली पाहून थांबावे. सोबती असंबद्ध बोलू लागला तर मात्र अंगावर पाणी ओतून थेट दवाखाना गाठावा.

रात्रीचा वैरी वेगळा. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने लादून चाललेल्या असतात आणि कित्येकांना मागे साधा लाल दिवाही नसतो. तो ट्रॅक्टरवालाही आपल्यासारखाच राबणारा आहे. दिवा आणि परावर्तक लावायची जबाबदारी ज्यांची आहे त्यांच्याकडे आपण ती मागत राहू. तोवर दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा. दुभाजक जेथे तुटतो तेथे उलट्या बाजूने येणारे वाहन गृहीतच धरावे. अश्विन पौर्णिमेच्या रात्री तुळजापूरच्या वाटेवर पायी जाणाऱ्यांची रीघ असते. त्या रात्री त्या रस्त्याला गाडी नेऊच नये. पुढे मुंबईला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे. जुन्या घाटानेच जावे लागते.

हेल्मेटविषयी उन्हाळ्यात बोलणे लोकांना आवडत नाही. २०२२ सालच्या मृतांत पन्नास हजारांवर माणसे हेल्मेट न घातलेली होती, एवढेच सांगतो. आयएसआय खूण पाहावी, पट्टा हनुवटीखाली आवळावा, आणि एकदा जोराने आपटलेले हेल्मेट फेकून द्यावे, कारण आतला थर एकदाच दबतो. मागे बसणाऱ्यालाही डोके असते.

आणि वाटेत दुसऱ्या कोणाला अपघात झालेला दिसला तर गाडी बाजूला घेऊन थांबा. १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही क्रमांक आहे. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती नको. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले आहे. मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे, आणि आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. जखमीचे हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका.

माझी गाडी बाहेर कडुलिंबाखाली उभी आहे आणि हवेचा मापक माझ्या पिशवीत आहे. ज्यांना आपल्या गाडीची हवा आणि चेन आत्ता पाहून घ्यायची असेल, त्यांनी सभा संपल्यावर तेथे यावे. विजेरीही आणली आहे.