बोलणारा आणि ऐकणारा

(गणेशोत्सवातील वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीसाठी नववी ते बारावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर इंदूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती अथर्वशीर्ष आपल्या घराघरांत म्हटले जाते. त्यात वक्त्याच्या रक्षणाची प्रार्थना आहे आणि तिला लागूनच श्रोत्याच्याही रक्षणाची प्रार्थना आहे. आवर्तने करताना हे शब्द आपण भरभर म्हणून जातो, पण आजचा आपला सगळा विषय त्या दोघांत आला. बोलणे हे एकट्याचे काम नाही. बोलणाऱ्याच्या मनातली गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात नीट पोहोचली तर बोलणे झाले, नाहीतर नुसता आवाज झाला.

आम्ही पदविका घेऊन राज्य शासनाच्या नोकरीत लागलेली माणसे. वक्तृत्वाचे शिक्षण आमच्यापाशी नाही. मात्र रोज लोक समोर येऊन बोलतात, आणि कोणाचे बोलणे कामी येते व कोणाचे वाया जाते, हे आम्ही रोज पाहतो. आपल्या मध्य प्रदेशात मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, हे तुम्हाला माहीत आहे. रांग मोठी, प्रत्येकाच्या वाट्याला वेळ थोडा. अशा ठिकाणी एखादे गृहस्थ घरातल्या आजारपणापासून शेजाऱ्याच्या भांडणापर्यंत सगळे सांगतात आणि नळाला पाणी येत नाही, हे अगदी उठता उठता सांगतात. दुसऱ्या एखाद्या बाई म्हणतात, "मी अमुक गल्लीत राहते. आमच्या बारा घरांना पंधरा दिवसांपासून पाणी नाही. कोपऱ्यावरच्या घरापर्यंत येते, पुढे येत नाही. कोणीतरी येऊन लाइन तपासावी." त्रास दोघांचाही खरा. पण बाईंच्या बोलण्यात कोण, कुठे, कधीपासून आणि काय हवे, हे चार वाक्यांत आले. ऐकणाऱ्याला लगेच कागद पुढे ओढून लिहून घेता येते. त्या बाई फार शिकलेल्या असतीलच असे नाही. त्यांनी घरून निघताना काय सांगायचे ते ठरवले होते, एवढेच.

म्हणून पहिला पाठ हा की तोंड उघडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी कोणाशी बोलतो आहे? त्यांनी कोणती एक गोष्ट लक्षात ठेवावी असे मला वाटते? आणि ती त्यांच्या काय कामाची? तिन्ही उत्तरे मिळाली की निम्मी तयारी झाली.

यातला पहिला प्रश्न मुले हमखास विसरतात. पॉलिटेक्निकच्या तोंडी परीक्षेत विचारतात, काँक्रीटवर पाणी का मारतात? पाठ केलेली व्याख्या सगळेच म्हणतात. पण ज्याला हे आपल्या आजीला सांगता येते, त्याला ते खरे समजलेले असते. "आजी, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी मिळून घट्ट होते. म्हणून स्लॅब टाकल्यावर कितीतरी दिवस तो ओला ठेवावा लागतो." आजीला कळले, की परीक्षकालाही कळते. तुमचा विषय विज्ञानाचा असो की इतिहासाचा, घरातल्या एका माणसाला तो आधी सांगून पाहा. तो माणूस जिथे "म्हणजे काय?" असे विचारेल, तिथे तुमचे भाषण कच्चे आहे असे समजा.

दुसरा पाठ मांडणीचा. त्यासाठी फार लांब जायला नको. नारदीय कीर्तन तुमच्यापैकी काहींनी आजी-आजोबांबरोबर बसून ऐकले असेल. बुवा आधी पूर्वरंगात एक विचार घेऊन त्याचे निरूपण करतात आणि मग उत्तररंगात तोच विचार एखाद्या आख्यानातून दाखवतात. आधी तत्त्व, मग गोष्ट. तीन मिनिटांच्या भाषणालाही हीच मांडणी पुरते. एक विचार साध्या वाक्यात सांगा. त्याचे कारण सांगा. मग एक उदाहरण द्या, शक्यतो स्वतः पाहिलेले. शेवटी तोच विचार पुन्हा एकदा, थोडक्यात. पाच मुद्दे आणि दहा थोर पुरुषांची नावे तीन मिनिटांत कोंबली तर ऐकणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही.

सुरुवातही आटोपशीर ठेवा. व्यासपीठ, अध्यक्ष, परीक्षक, गुरुजन, बंधुभगिनी असे सगळ्यांना एकेक करून वंदन करण्यात अर्धे मिनिट जाते. "मान्यवर आणि मित्रहो, नमस्कार" एवढे पुरे. साधारण हिशोब असा धरा की सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. तीन मिनिटांचे भाषण म्हणजे तीन-साडेतीनशे शब्द. सहाशे शब्द लिहून आणले तर घाई होणारच, आणि घाईत बोललेले कोणाला कळत नाही. आई-बाबांनी लिहून दिलेले भाषण तर मुळीच आणू नका. त्यातले शब्द त्यांचे असतात. एखादे वाक्य विसरले की पुढचे सगळे जाते, कारण विचार तुमचा नसतो. पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ करा. मधले मुद्दे एका छोट्या कार्डावर लिहा आणि आपल्या शब्दांत बोला.

आता आवाजाकडे वळू. अथर्वशीर्ष म्हणताना कुठे श्वास घ्यायचा, हे मोठ्यांच्या बरोबर म्हणता म्हणता मुलांना आपोआप कळते. भाषणातही तसेच आहे. वाक्य संपले की थांबा आणि श्वास घ्या. खांदे उचलून घेतलेला श्वास लवकर संपतो, पोट फुगवून घेतलेला पुरतो. थांबल्यावर तुम्हाला वाटते, किती वेळ गेला! ऐकणाऱ्याला मात्र तेवढ्यात तुमचे वाक्य समजून घ्यायला उसंत मिळते. महत्त्वाच्या शब्दाच्या आधी क्षणभर थांबलात तर तो शब्द ठळक होतो, त्यासाठी ओरडावे लागत नाही.

माइक तोंडापासून चार बोटे ते एक वीत अंतरावर असावा. त्यावर फुंकर मारू नका, टिचक्या मारू नका. उंची कमी-जास्त असेल तर आधी ती नीट करून घ्या, त्यात लाज नाही. मांडवात आवाज घुमतो, म्हणून तिथे वर्गातल्यापेक्षा सावकाश बोला. नजर एकाच परीक्षकावर खिळवू नका. डावीकडचे, मधले, उजवीकडचे, सगळ्यांकडे आलटूनपालटून बघा.

उच्चारांबद्दल आपल्याकडे थोडे वेगळे सांगावे लागते. आपली शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत, बाजार हिंदीत आणि मराठी घरापुरती. हिंदी बोलण्याच्या सवयीने 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो. पण 'वेळ' आणि 'वेल', 'मूळ' आणि 'मूल', 'काळ' आणि 'काल' हे निरनिराळे शब्द आहेत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहिताना दोन्ही सारखेच, पण 'ज' वेगळा. हे पुस्तकातून कळत नाही, कानानेच शिकावे लागते. रोज पाच मिनिटे मराठी मोठ्याने वाचा आणि आजीला ऐकवा.

इथे पालकांना आणि सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनाही हात जोडून एक विनंती आहे. मुलाच्या मराठीत हिंदी मिसळली तर चारचौघांत हसू नका. चूक नंतर, एकटे असताना सांगा. चौदा वर्षांचे मूल एकदा हसण्यावारी गेले, की ते पुढच्या वेळी मराठीत उत्तर देत नाही. मान हलवते, नाहीतर हिंदीत बोलून मोकळे होते. आपल्या कितीतरी कुटुंबांत चार-पाच पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठी टिकली. ती सभा-संमेलनांनी टिकली, तशीच जेवणाच्या पाटावरच्या गप्पांनीही टिकली. त्या गप्पांत मुलाने तोंड मिटले, तर संमेलने काय करणार?

आणि प्रश्न एकट्या भाषेचा नाही. शाळेत कोणी त्रास देत असेल, बसमध्ये कोणी वाईट वागले असेल, अभ्यास झेपत नसेल, तर तेही सांगायला मुलाला शब्द आणि धीर दोन्ही लागतात. रोज "थांब, मी कामात आहे" असे ऐकणारे मूल मोठी गोष्ट सांगायला येईल, ही आशा कशी धरावी? मुलगा किंवा मुलगी बोलत असताना मोबाइल उलटा ठेवा. वाक्य त्यांना पुरे करू द्या. त्यांच्या तोंडचा शब्द आपण पुरवू नका. वक्ता आधी घरातल्या श्रोत्याजवळ घडतो.

मुलांनो, ऐकण्याचे काम तुमचेही आहे. लोकसभेच्या अध्यक्षांना इंग्रजीत 'स्पीकर' म्हणतात. आपल्या इंदूरच्या खासदार सुमित्राताई महाजन 2014 ते 2019 या काळात त्या पदावर होत्या. नाव 'स्पीकर', आणि काम मात्र दिवसभर दुसऱ्यांचे ऐकून घेण्याचे, कोणी कधी आणि किती बोलावे ते सांभाळण्याचे! वादविवादात उतराल तेव्हा समोरच्याचे म्हणणे आधी एका वाक्यात सांगा, "तुम्ही असे म्हणालात, बरोबर ना?" आणि मग उत्तर द्या. परीक्षकांनी प्रश्न विचारला आणि तो समजला नाही, तर "कृपया पुन्हा सांगाल का?" असे विचारा. उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, वाचून सांगेन" असे सरळ म्हणा. भलतेच काहीतरी ठोकून देण्यापेक्षा ते शंभरपट शोभते.

भीतीचे काय, असे तुम्ही विचाराल. छाती धडधडते, तळहात ओले होतात, घसा कोरडा पडतो. हे सगळ्यांचेच होते, पुष्कळ वर्षे भाषणे करणाऱ्यांचेही. शरीर कामाला तयार होत असते, एवढाच त्याचा अर्थ. जाण्याआधी दोन घोट पाणी प्या, उभे राहिल्यावर एक पूर्ण श्वास घ्या, मग पाठ केलेले पहिले वाक्य म्हणा. मध्येच अडलात तर शेवटी बोललेले वाक्य सावकाश पुन्हा म्हणा, पुढचे बहुधा आपोआप येते. नाहीच आले तर कार्ड बघा. कोणी रागावत नाही.

स्पर्धेला अजून पंधरा दिवस आहेत. रोज दहा मिनिटे द्या. एक दिवस वर्तमानपत्रातली बातमी एका मिनिटात सांगा. एक दिवस राजवाड्यापासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता नवख्या माणसाला असा सांगा, की त्याला दुसऱ्यांदा विचारावे लागू नये. एक दिवस साबुदाण्याची खिचडी कशी करायची ते सांगा. गावी काका-मावशींना फोन करा आणि 'हो', 'नाही', 'बरं आहे' यांच्या पलीकडे पाच वाक्ये मराठीत बोला. मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिल्यांदा तो परका वाटेल, चार दिवसांनी त्यातल्या चुका तुम्हालाच दिसतील.

बक्षीस तिघांनाच मिळेल. पण मांडवात पहिल्यांदा उभे राहून तीन मिनिटे आपले म्हणणे मांडणारे मूल उद्या मुलाखतीत, दवाखान्यात, कचेरीत आपली गोष्ट नीट सांगू शकेल. तेवढ्यासाठी नाव जरूर नोंदवा. आणि पालकहो, त्या संध्याकाळी आपल्या मुलाचे भाषण झाले म्हणून लगेच उठून घरी जाऊ नका. शेवटच्या मुलाचे भाषण संपेपर्यंत बसा. त्यालाही कोणीतरी ऐकणारे हवे.

गणपती बाप्पा मोरया!