शाळेची परसबाग आणि दुष्काळ
(मंडळाच्या आश्रयदात्यांपुढे केलेले भाषण)



धान्य, चारा व पाणी यांविषयीचा अहवाल आपल्यापुढे आहेच. मी ज्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, ती दिसण्यात लहान आहे: गावच्या शाळेच्या आवारातील भाजीपाल्याची बाग.

दुष्काळ पडला म्हणजे आपण प्रथम धान्याचा हिशेब करतो व ते योग्यच आहे. परंतु केवळ धान्याच्या मापाने माणसाचे पोषण मोजण्याची चूक पूर्वी झालेली आहे. सन 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर एक आणा, या बेताची केली. श्रम करणाऱ्या देहास तेवढ्याने भागत नाही, असे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश निक्षून सांगत होते. पुढे 1972 च्या दुष्काळात परदेशी मिलोने व कामावरच्या सुकडीने पुष्कळ जीव तगले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तथापि धान्य दुरून आणता येते व कोठारात टिकते. हिरव्या भाजीचे तसे नाही. टंचाईत गरीब घर पहिल्याने भाजीच सोडते, आणि त्याचे फळ लेकरांच्या रातांधळेपणात व फिकट चेहऱ्यांत दिसते.

आज मुलास हमखास जेवण मिळण्याचे ठिकाण शाळा हे आहे. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही शाळेतील जेवण चालू ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये दिला. प्राथमिक वर्गातील मुलास दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ व 50 ग्रॅम भाजी, असे सरकारी प्रमाण आहे; म्हणजे शंभर मुलांस रोज पाच किलो भाजी हवी. अर्ध्या गुंठ्याची बाग ही सर्व गरज भागवील असे मी म्हणत नाही. पण माठ व मेथी महिन्याभरात हाती येतात, आणि शेवग्याचे झाड एकदा मूळ धरले की अवर्षणातही पाला देते.

पाण्याचा आक्षेप खरा आहे. अर्ध्या गुंठ्यास उन्हाळ्यात रोज अडीचशे लिटरांच्या आसपास पाणी लागते. शंभर मुलांचे हात व ताटे धुतलेले पाणी, प्रत्येकी अडीच लिटर धरल्यास, तितकेच होते. ते वाळूखडीतून गाळून शेवगा, केळी व पपई यांच्या आळ्यांत सोडावे. पालेभाजीस मात्र स्वच्छ पाणीच द्यावे.

परंतु मुख्य गोष्ट ही की, दुष्काळात बाग लावता येत नाही. ती सुकाळातच लावून ठेवावी लागते. टँकर गावात आल्यावर रोप कोण जगवील? सरकारने 2019 मध्ये शालेय पोषणबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. उणीव आहे ती कुंपणाची, पाण्याची व मे महिन्यात शिंपणाऱ्या हातांची.

म्हणून माझे मागणे असे आहे. व्यापारी बंधूंनी तार, नळ्या व पाण्याची टाकी द्यावी. जमीनदार गृहस्थांनी आपल्या विहिरीचा थोडा वाटा शाळेस नेमून द्यावा व तो लिहून द्यावा, तसेच गोठ्यातील खत द्यावे. इतर दात्यांनी सुटीतील माळ्याच्या मजुरीचा भार उचलावा. बियाणे गावरान घ्यावे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी देशी वाण जतन करून दाखविले व 2020 च्या पद्मश्रीच्या त्या मानकरी ठरल्या. त्या कार्यास मोठे भांडवल लागले नाही, निष्ठा लागली.

गृहस्थहो, अन्नछत्रास दिलेला रुपया त्या दिवशीची भूक भागवितो व तो द्यावाच लागतो. पण यंदा पाऊस बरा झाला म्हणून हात आखडू नये. याच वर्षी लावलेला शेवगा पुढच्या अवर्षणात मुलांच्या ताटात येणार आहे. आपल्या गावची एक शाळा प्रत्येकाने पत्करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.